स्पेनवाल्याचा निरोप समारंभ

आमचे शेजारी एकनाथकाका रोज सकाळी चहा घेता घेता जगाशी भांडतात, आणि तेही एका स्पॅनिश टेनिसपटूच्या वतीनं. देऊळघाटात टेनिसचं मैदान नाही. रॅकेट म्हटली की आम्हाला डास मारायचीच ठाऊक. पण चिखलीच्या शाळेतली शिपायाची नोकरी संपल्यावर काका टीव्हीसमोर बसायला लागले, तिथं त्यांना हा गडी दिसला आणि तो घरचाच झाला. काका त्याला 'आपला स्पेनवाला' म्हणतात.

हा स्पेनवाला काही मोठा विजेता नव्हे. पोरवयात लाल मातीवर चमकला, एकदा मोठ्या स्पर्धेत उपांत्यपूर्व फेरी गाठली, मग कोपर दुखावलं. त्यानंतर सगळी वर्षं पहिल्या-दुसऱ्या फेरीत हरायचं आणि पुढच्या गावाची वाट धरायची. पंचाचा निर्णय विरुद्ध गेला की काका गरजायचे, "सरासर अन्याय हाय हा!" कॅमेरा दुसऱ्या कोर्टावर गेला, तरी सरासर अन्याय.

"जिंकनाऱ्याले सारेच पाह्यतात बे! हारून पुन्हा दुसऱ्या दिशी येते, त्याले कोन पाह्यते?"

यंदा मे महिन्यात स्पेनवाला शेवटचा सामना खेळला आणि हरला. आम्ही दोघांनी तो मोबाइलवर पाहिला. कडेचं कोर्ट, मूठभर माणसं. त्यानं हात मिळवला, आपली बॅग आपणच खांद्याला लावली आणि निघाला. काका ताडकन उठले.

"झालं? उमर घातली त्यानं ह्या खेळात! ना शाल, ना नारळ, ना कोनाचे दोन शब्द?"

"काका, तिकडं नारळाची पद्धत नाही."

"मंग पद्धत पाडा ना! मानूस ब्याग उचलून जाऊन राह्यला, अन् कोनाले लाज नाई!"

दुसऱ्याच दिवशी काकांनी स्वतः समारंभ ठरवला. चिखलीहून शाल आणली, नारळ आणला, स्पेनवाल्याचा फोटो मोठा करून चौकटीत बसवला आणि ओसरीत खुर्चीवर ठेवून त्याला झेंडूचा हार घातला. इथंच घात झाला. हार घातलेला फोटो पाहून गल्लीतल्या बाया डोक्यावर पदर घेऊन येऊन बसल्या. एका म्हाताऱ्यानं काकांच्या पाठीवरून हात फिरवला. "तरनाच होता हो. कायनं गेला?"

"जिता हाय तो!" काका कडाडले. "सत्कार हाय हा!"

सांत्वनाला आलेली माणसं सत्काराला थांबत नाहीत. ओसरी रिकामी झाली. काका फोटोसमोर तणतणत बसले. चहा घ्यायला मी आत गेलो, तर काकू हळूच म्हणाल्या, "शाळेतल्या साऱ्या मास्तरायच्या निरोपाले शाल-नारळ यायनंच आनले, भाऊ. खुर्च्या यायनंच मांडल्या. यायच्या सोताच्या निरोपाची बारी आली, त आनाले कोनीच नोतं. घंटा ठोकली, पिशवी घेतली अन् घरी आले."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. एवढी शिकलेली माणसं, आणि एकालाही दुकानात जाऊन एक नारळ आणता येऊ नये?

मी तसाच ओसरीत आलो आणि घसा खाकरला. "सत्कारमूर्ती काही कारणानं येऊ शकले नाहीत. त्यांच्या वतीनं एकनाथकाका सत्कार स्वीकारतील."

"मी काऊन? मी कुठी खेळलो?"

मी शाल त्यांच्या खांद्यावर पांघरली, नारळ हातात दिला आणि दोन शब्द बोललो. बोललो स्पेनवाल्याबद्दलच. वेळेवर यायचा, कोणाच्या नजरेत भरायचा नाही, दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर असायचा. काकूंनी दारात उभ्या राहून टाळ्या वाजवल्या. काका मान खाली घालून नारळाकडे पाहत राहिले. अन्यायाचं नावही त्यांनी काढलं नाही.

त्या दिवशी ऊन मी म्हणत होतं. संध्याकाळी डोकावलो, तर काका ओसरीत तसेच बसलेले, शाल अंगावर.

"काढा आता काका, किती उकडतंय!"

"त्याची हाय ते. घडी करून ठेवतो," काका म्हणाले. "राहू दे अजून थोडा वेळ."