एक किलो दोनशे ग्रॅम

वजनकाट्याच्या बाबतीत माझा हात धरणारा माणूस अजून जन्माला यायचाय, हे मी आधीच सांगून टाकतो. गेली बावीस वर्षं मी काटे दुरुस्त करतोय. किराणा दुकानातले, बेकरीतले, भंगारवाल्यांचे. आमच्या भागात असा एकही काटा नाही, ज्याच्या पोटात माझा पेचकस गेलेला नाही! परवाना कायम खिशात असतो आणि कोणी मागितला नाही तरी मी तो दाखवतो.

आता मला सांगा, अशा माणसाच्या मुलीच्या वजनात चूक होईल का? झाली. आणि चांगल्या पन्नास-साठ माणसांसमोर झाली.

आमच्या मुलीला घरात छटाकी म्हणतात. जन्मली तेव्हा ती इतकी हलकी होती, की मला दवाखान्याच्या काट्याचीच शंका आली आणि मी तो उघडून बघायला मागितला. तिच्या आईने ते अजून मनात ठेवलंय. पोरीचा चेहरा बघायच्या आधी मी काट्याची तबकडी बघितली, असं तिचं म्हणणं आहे. ते खरंच आहे, म्हणून मी वाद घालत नाही.

छटाकी आता नववीत आहे. तिच्या शाळेत कुस्तीचा संघ आहे, पण तो मुलांचा. एके दिवशी ही सरळ कुस्तीच्या सरांकडे गेली आणि माझं नाव घाला म्हणाली. सरांनी समजावलं, की शाळेत मुलींचा संघ नाही. त्यावर ही म्हणाली, "मी कुठे मुलींचा मागतेय?"

दोन दिवसांत कंटाळून जाईल अशा हिशेबाने सरांनी तिला सरावाला येऊ दिलं. पहिला आठवडाभर एकही मुलगा तिच्याशी खेळायला तयार होईना. पन्नास किलोच्या गटात काडी नावाचा एक मुलगा होता, तो तर हाताची घडी घालून भिंतीला टेकून उभा राहायचा. शेवटी सरांनी दटावून त्याला मॅटवर उतरवलं. एका मिनिटाच्या आत त्याचे दोन्ही खांदे खाली टेकले होते आणि छटाकी वर बसून, आता सोडू का, असं सरांना विचारत होती. काडीपुढे दोनच मार्ग उरले. एक तर ही पोरगी चांगली खेळते असं म्हणायचं, नाहीतर आपण वाईट खेळतो असं. तो हुशार निघाला. दुसऱ्या दिवसापासून तोच तिच्याबरोबर सरावाला पहिला हजर!

अशी आमची मुलगी सात मुलांच्या संघातली आठवी झाली. काडी तिचा राखीव. हे मी प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायचो. बेकरीवाल्याला तर तीनदा सांगितलं. तिसऱ्या वेळी तो म्हणाला, की काटा झाला असेल तर पाव लोकांना विकायला घेऊ का?

मुख्याध्यापकांना मात्र हे प्रकरण काही पचेना. पालक काय म्हणतील, दुसऱ्या शाळा काय म्हणतील, अशी त्यांची पालुपदं चालू होती. अखेर त्यांनी सरांना एका स्पर्धेची मुभा दिली. वजनगटात बसली, लढली आणि कसलाही गोंधळ झाला नाही, तर पुढचं बघू. नाहीतर पुढच्या वर्षी हिचं नाव यादीत दिसता कामा नये.

वजनगट म्हणजे पन्नास किलो. पन्नासच्या वर गेलं, की बाहेर. छटाकी तेव्हा एक्कावन्न-बावन्नच्या आसपास होती. तिच्या आईच्या चेहऱ्यावर काळजी दिसली. मी म्हणालो, "वजनाचं माझ्यावर सोडा."

हे वाक्य मी नसतं उच्चारलं तर बरं झालं असतं.

मी माझ्या दुकानातून एक मोठा फळीचा काटा घरी आणला. भंगारवाल्याचा जुना, पण आतून मी नवा करून ठेवलेला. जमिनीवर मांडी ठोकून बसलो, सरकारी शिक्क्याची वजनं चढवून तपासला. तंतोतंत! मग महिनाभर रोज सकाळी छटाकी काट्याशेजारी उभी राहायची, मी काटा चालू करायचो, ती चढायची आणि मी आकडा मोठ्याने वाचायचो. पन्नास सहाशे. पन्नास दोनशे. पोरगी अर्ध्या ताटावरून उठत होती, सकाळ-संध्याकाळ पळत होती. तिची आई म्हणायची, की ही वाळल्यासारखी काही दिसत नाही. मी म्हणायचो, की डोळे फसवतात, काटा फसवत नाही. स्पर्धेच्या दिवशी सकाळी आकडा आला एकोणपन्नास सातशे. मी तिच्या पाठीवर थाप मारली आणि काटा उचलून स्कूटरवर बांधला. लागला तर असावा जवळ.

वजनं घेण्यासाठी यजमान शाळेने खेळाच्या सामानाची खोली दिली होती. एका कोपऱ्यात चेंडूंची जाळी, दुसऱ्या कोपऱ्यात मोडक्या अडथळ्यांची चळत आणि मधे शाळेचा काटा. चष्म्याला दोरी लावलेल्या एक बाई टेबलाशी बसून आकडे लिहीत होत्या. सहा शाळांची मुलं रांगेत होती आणि दारात आम्ही पालक.

छटाकी काट्यावर चढली. बाईंनी आकडा वाचला.

"पन्नास नऊशे. जास्त आहे. पुढचा."

माझ्या कानांवर माझा विश्वास बसेना. पोरीचा चेहरा पांढरा पडला. आणि मुख्याध्यापक नेमके माझ्या शेजारीच उभे! त्यांनी सरांकडे असं काही बघितलं, की माझं डोकंच फिरलं. मी दारातून आत घुसलो आणि जाहीर करून टाकलं, "बाई, तुमचा काटा चुकीचा आहे."

बाईंनी चष्मा वर करून आपण कोण असं विचारलं. या प्रश्नाची मी बावीस वर्षं वाट बघत होतो. परवाना टेबलावर ठेवला. मग धावत जाऊन स्कूटरवरचा काटा सोडून आणला आणि त्यांच्या काट्याशेजारी मांडला. छटाकीला चढवलं. एकोणपन्नास सातशे! काडीला चढवलं. त्यांच्या काट्यावर एकोणपन्नास चारशे, माझ्या काट्यावर अठ्ठेचाळीस दोनशे. तिसऱ्याला चढवलं, चौथ्याला चढवलं. प्रत्येक जण माझ्या काट्यावर बरोबर एक किलो दोनशे ग्रॅमने कमी भरत होता. शंकेला जागा नको म्हणून मी दर मुलाआधी काटा बंद करून नव्याने चालू करत होतो.

खोलीत खळबळ उडाली. एका शाळेचा मुलगा सहाशे ग्रॅमने जास्त भरला होता आणि दोन स्वेटर घालून मैदानाला फेऱ्या मारत होता. त्याच्या सरांनी खिडकीतून त्याला थांब म्हणून हाक मारली आणि येऊन मला मिठीच मारली. दुसऱ्या शाळेचे सर तणतणू लागले, की आमच्या पोराने आठवडाभर पोट मारून वजन उतरवलं ते काय उगाच? मुलं पुन्हा रांगेत उभी राहिली. बाहेर मॅट अंथरून पंच ताटकळले होते. यजमान शाळेचा शिपाई दर पाच मिनिटांनी येऊन अजून किती वेळ असं विचारत होता. मी मधोमध, बाह्या सरसावून, काट्यातल्या बारकाव्यांवर भाषण देत होतो. खरं सांगतो, मला मजा येत होती.

अखेर बाईंनी शाळेच्या काट्यावरचा शिक्का बघितला. तो गेल्या वर्षीचा होता. त्यांनी एक सुस्कारा सोडला, नवा कागद घेतला आणि आजची वजनं या गृहस्थांच्या काट्यावर धरू म्हणाल्या. मी मान ताठ करून मुख्याध्यापकांकडे बघितलं. बाईंनी लिहायला सुरुवात केली. पहिलंच नाव आमच्या छटाकीचं. पुन्हा एकदा चढ, म्हणाल्या. मी काटा बंद करून चालू केला.

छटाकी चढली नाही. ती खाली बघत होती.

"बाबा, पाय."

मला काही कळेना.

"बाबा, तुमचा पाय काट्यावर आहे. चालू करताना तुम्ही फळी पायाने दाबून धरताय. पाय काढा आणि परत चालू करा."

मी खाली बघितलं. माझा उजवा पाय फळीच्या कडेवर ऐटीत विसावला होता.

झालं होतं ते असं. दुकानांतली फरशी उंचसखल असते, काटा डुगडुगतो. म्हणून उभ्याने काम करताना फळीच्या कडेवर पाय दाबून धरायची मला सवय. दुकानात त्याने काही बिघडत नाही, कारण मी निघाल्यावर मालक स्वतः काटा चालू करतो. पण असला काटा चालू होताना त्याच्यावर जो भार असेल, त्यालाच शून्य समजतो. घरी आणि इथे चालू करणारा मीच. माझ्या पायाचा दाब शून्यात गेला, मग चढणाऱ्याला जागा द्यायला मी पाय काढला, की तो तेवढाच कमी. बावीस वर्षांच्या सवयीमुळे पाय दर वेळी नेमका एक किलो दोनशेच दाबत होता. यातही एक कसब आहे, पण ते कोणी मान्य करणार नाही.

मी पाय काढला. काटा परत चालू केला. छटाकी चढली. पन्नास नऊशे.

धरणी पोटात घेईल तर बरं, असं मला झालं. आणि त्याच वेळी आतून काहीतरी भरूनही आलं. बाईंचं पेन कागदावर टेकलेलं होतं, छटाकीने गप्प बसायचं तेवढं बाकी होतं. महिनाभर उपाशी राहिलेली पोर, समोर मुख्याध्यापक, स्वतःचं नाव पणाला लागलेलं आणि स्वतःचा बाप काट्यावर. तरी बोलली. घरी का नाही दिसलं, असं मी तिला नंतर विचारलं. म्हणाली, "घरी मी आकड्याकडे बघायचे, बाबा. इथे रांगेत उभी होते, म्हणून तुम्ही दिसलात."

स्वेटरवाला मुलगा परत मैदानाकडे पळाला. मिठी मारणारे सर माझ्याकडे असे बघत होते, जणू मी ती मिठी परत करावी.

पन्नासचा गट गेला. तिथे काडी उतरला. पंचावन्नच्या गटातला आमचा मुलगा गालगुंड झाल्यामुळे घरी होता आणि ती जागा रिकामीच जाणार होती. सरांनी बाईंना नियम विचारला. एक गट वर लढता येतं, बाई म्हणाल्या. सरांनी छटाकीला काही विचारायच्या आत ती बूट बांधायला बसली होती.

समोरचा मुलगा चार किलोने जड. सुरुवातीला तो तिला काचेचं भांडं धरावं तसा धरत होता. छटाकीने त्याचा पाय ओढला आणि चार गुण घेतले. त्यानंतर त्याने सभ्यपणा सोडून दिला आणि खरी कुस्ती सुरू झाली. आमचे उरलेले सहाही जण मॅटच्या कडेला गुडघ्यांवर बसून ओरडत होते, काडी सगळ्यांत जोरात. त्या मुलाने तिला तीनदा खाली घेतलं, पण पाठ काही टेकवता आली नाही. शेवटची शिट्टी झाली तेव्हा तो सात आणि ही सहा. एका गुणाने हरली. मी इतका ओरडलो होतो, की दोन दिवस गिऱ्हाइकांशी खुणांनी बोललो.

मुख्याध्यापकांनी सरांना बाजूला घेतलं. वजनगटात बसली नाही आणि गोंधळ तर असा झाला की विचारू नका, असं काहीतरी ते म्हणत होते. सर शांत माणूस. ते म्हणाले, "मुलगी वर जाऊन लढली, पाठ टेकू दिली नाही आणि खरं बोलली. तिचं नाव काढायचं असेल, तर आधी माझं काढा." मुख्याध्यापक नाव राहू दे म्हणाले, फक्त वडिलांना आवरा.

पुढच्या स्पर्धेत छटाकी पंचावन्नमध्येच होती, चांगली पोटभर जेवून. वजनाच्या खोलीच्या दारावर एक नवी पाटी होती, 'पालकांना आत प्रवेश नाही'. आम्ही सगळे बाप बाहेर व्हरांड्यात उभे. एक जण चिडून म्हणाला, की हा नियम आधी नव्हता, कोणा मूर्खाने काय घोळ घातला कोण जाणे. बाकीचेही सुरू झाले. मीही जोरजोरात मान हलवली आणि हल्ली काय एकेक पालक असतात, असं म्हणालो.

तेवढ्यात छटाकी वजन देऊन बाहेर आली. तिने शेवटचं वाक्य ऐकलं होतं. माझा हात धरून ती त्या सगळ्यांना म्हणाली, "यांच्यामुळेच झालाय हा नियम. हे माझे बाबा."

आणि हे तिने इतक्या अभिमानाने सांगितलं, की मला नाही म्हणायची सोयच उरली नाही.