होतोशेट गावाक गेले

मालवणच्या बाजारात खुद्द मामलेदाराला भर दुकानात "येवा मेल्याजी, बसा" म्हणून हात जोडणारा माणूस एकच होऊन गेला. तो म्हणजे होतचंद सिंधी, आमच्या भांड्यांच्या दुकानाला लागूनच ज्याचं कापडाचं दुकान होतं तो. बाजाराने त्याच्या नावाचं 'होतोशेट' करून टाकलं होतं.

फाळणी झाली तेव्हा होतोशेट आणि जसोदाबाय, नवराबायको दोघंच, सिंध सोडून निघाले. काही दिवस कल्याणच्या छावणीत काढले आणि कुणीतरी सांगितलं म्हणून बोटीने मालवणला उतरले. मूलबाळ नव्हतं. भाषा होतोशेट मासळीबाजारात शिकले. पुष्कळ दिवसांनी भेटलेले दोन दोस्त एकमेकांच्या गळ्यात पडून "खंय होतंस मेल्या?" म्हणतात, हे त्यांनी पाहिलं आणि 'मेल्या' हा मायेचा शब्द आहे असं ठरवून टाकलं. त्याला 'जी' लावलं ते त्यांच्या पदरचं. गिऱ्हाइकाला अदबीने बोलवायला नको?

मामलेदार होते घाटावरचे. त्यांनी मला बाजूला घेऊन हळूच अर्थ विचारला. मी म्हटलं, सिंधीत महाशयाला तसं म्हणतात. साहेब खूश झाले आणि पुढे महिनाभर कचेरीत आपल्या हेडक्लार्कला मेल्याजी म्हणत राहिले. हेडक्लार्क अस्सल मालवणी. त्याने माझ्याशी बोलणं टाकलं.

होतोशेटच्या दुकानात कुणी आलं की कापडाआधी भाजलेला पापड आणि तांब्याभर पाणी पुढे यायचं. त्यांच्याकडची ती रीत. आपल्याकडे पाहुण्याला चहा लागतो, असं मी एकदा त्यांना समजावलं. त्यांनी मान डोलवली आणि दुसऱ्या दिवसापासून पापडाबरोबर चहा सुरू केला. भर उन्हात छत्री टेकवून "जरा छिटा बगूक इलंय" म्हणणारी निम्मी माणसं पापडासाठी यायची. होतोशेटना ते ठाऊक होतं. ती माणसं उठली की ते मला सांगत, बिचाऱ्याला आज कापड पसंत पडलं नाही.

एकाच बाबतीत त्यांची आणि मालवणची तडजोड झाली नाही. ती म्हणजे मासळी. सुरमई खाल्ली, सरंगा खाल्ला, बांगडा खाल्ला, आणि प्रत्येक वेळी बोटं चाटून निकाल दिला, "बरो आसा. पण पल्लो नाय." पल्लो हा त्यांच्या सिंधू नदीतला मासा. त्यात काटे इतके, की तो खाताना भांडण करता येत नाही, म्हणून त्यांच्या गावात संसार सुखाचे होते, असं ते सांगत. सुरुवातीला आमटीत खोबरं बघून "मासळीचो लाडू करतात काय?" असं त्यांनी माझ्या बायकोला विचारलं होतं. पाच वर्षांत जसोदाबाय त्यांच्या सिंधी कढीतही खोबरं वाटून घालू लागल्या, आणि होतोशेट ती कढी 'आमच्याकडची' म्हणून लोकांना वाढू लागले.

चतुर्थी जवळ आली की बाजारात सगळे एकमेकांना एकच गोष्ट विचारतात, गावाक कधी? आम्हीही दुकानाला कुलूप घालून आमच्या गावी, आरोंद्याला जायचो. होतोशेटनाही लोक सवयीने विचारून जात. ते हसून म्हणत, "आमचो गाव नकाशात दुसऱ्या रंगाचो झालो." मग रिकाम्या बाजारात त्यांचं एकट्याचं दुकान उघडं असायचं.

एका वर्षी मात्र त्यांनी नवा लेंगा-सदरा घातला, ट्रंक बाहेर काढली, दुकानाला फळ्या लावल्या आणि दिसेल त्याला सांगत सुटले, "गावाक चल्लंय." जसोदाबाय कोरं पातळ नेसून मागे उभ्या. बाजाराची दोन दिवस चंगळ झाली. कुणी म्हणालं, सरकारने गाव परत दिलं. पानवाला म्हणाला, शेटीने नवीन घेतलं असणार.

गौरी-गणपती पोचवून मी विजयदुर्गला बहिणीकडे गेलो. संध्याकाळी धक्क्याकडे सहज फिरायला निघालो, तर खाडीच्या कडेला दगडावर ही दोघं. कोरं पातळ, नवा लेंगा भिजू नये म्हणून गुडघ्यापर्यंत वर घेतलेला, पाय पाण्यात सोडलेले. मला बघून होतोशेट जरा गडबडले. मग सरकून त्यांनी मला जागा करून दिली.

देवळाच्या धर्मशाळेत उतरलो आहोत, म्हणाले. मी काही विचारलं नव्हतं.

पावसाने खाडी दुथडी भरलेली, पाणी त्यांच्या सिंधूसारखं मातीच्या रंगाचं. पहिल्यांदा बोटीने मालवणला येताना जसोदाबायनी ती पाहून ठेवली होती. मालवणचा समुद्र निळा, तो त्यांच्या उपयोगाचा नव्हता.

होतोशेटनी पलीकडच्या काठाकडे बोट केलं.

"भाऊ, तो काठ बगा. माड दिसतत, ते खजुरी समजा. मग घाट. घाटाच्या वरती आमचा घर."

मी बघितलं. पलीकडे माड होते आणि कुणाची तरी होडी ओढून ठेवलेली होती.

"तिथं नाय," जसोदाबाय म्हणाल्या. "जरा डावीकडे."

होतोशेटनी बोट डावीकडे सरकवलं आणि त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी मान हलवली, आता बरोबर. मग अंधार पडेपर्यंत तिघंही त्या घराकडे बघत बसलो. रात्री मी त्यांना बहिणीकडे जेवायला नेलं.

मालवणात परतल्यावर होतोशेटनी गावचं म्हणून सगळ्या बाजाराला खाजं वाटलं. पानवाल्याने ते तोंडात टाकलं आणि विचारलं, "शेटीनू, गावात घर तरी केवढा तुमचा?"

होतोशेटनी मागच्या फळीवरून छिटाचं एक ठाण खाली काढलं.

"मोठा आसा," मी म्हटलं. "नदीच्या काठाक. मी बघून इलंय."

पानवाल्याने आणखी एक खाजं उचललं. होतोशेटनी ते ठाण उगाच उलगडलं, त्यावरून हात फिरवला आणि पुन्हा नीट गुंडाळून ठेवलं.