तांब्याने काढलेला गॅस

यंदा मी जगाचा धूर कमी करणार, असं मी घरी जाहीर करून टाकलं होतं.

कर्जतजवळच्या एका कॉलेजात मी संशोधन करते. पाण्यात कार्बन डायऑक्साइड सोडायचा, तांब्याच्या पत्र्याला वीज द्यायची आणि इथिलीन काढायचं, म्हणजे प्लास्टिक ज्यापासून बनतं तो वायू. तांबं हट्टी, काही देईना. मग मी त्यावर चांदीचा पातळ थर दिला आणि शुक्रवारी वायू मोजणाऱ्या यंत्राच्या पडद्यावर इथिलीनची रेघ भातखाचरातून माथेरानचा डोंगर उठावा तशी उठली.

माझ्या मार्गदर्शक नम्रता मॅडमनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. प्रकल्पाची मुदत संपत आली होती. त्यांनी लगेच खालापूरच्या एका कारखान्यातल्या साहेबांना सोमवारी बोलावलं. साहेबांना पटलं आणि त्यांनी पैसे दिले तर काम चालू, नाहीतर प्रयोगशाळेला कुलूप.

इकडे अम्मीने आमच्या दहिवली गावभर सांगितलं की अनम धुरातून पेट्रोल काढते. शेजारचे टेंपोवाले साईनाथदादा कॅन घेऊन दारात.

"थोडं दे गं. तुज्यावर विश्वास हाय."

"दादा, ते पेट्रोल नाही. आणि निघतं त्यावर मुंगीची स्कूटरही चालणार नाही."

"मग बुधवारी येतो," दादा समजूतदारपणे म्हणाले.

सोमवारी साहेब आले. मी वीज सोडली. रेघ आडवी पडून राहिली ती उठेचना. साहेब सभ्यपणे घड्याळाकडे बघू लागले.

"अनम, शुक्रवारपासून काय बदललं?" मॅडमनी हळू विचारलं.

"काहीच नाही. तुमचे आंबे तेवढे बाहेर काढले."

"कुठले आंबे?"

"अम्मीने तुमच्यासाठी दिलेले. कच्चे होते, म्हणून प्रयोगाच्या कपाटात पिकत ठेवले होते. ऊब असते ना."

मॅडम खुर्चीत बसल्या. पिकणारं फळ इथिलीन सोडतं, हे त्यांनीच मला शिकवलं होतं. कपाटातली रबरी नळी चिरलेली निघाली. आंब्यांचा वायू त्या चिरेतून थेट यंत्रात जात होता.

"साहेब, आमचा निकाल चुकला," मॅडम सरळ म्हणाल्या. "ते इथिलीन आंब्यांचं होतं."

साहेबांनी घड्याळावरची नजर काढली. "आंबे उरलेत का?"

साहेब आंबे खात बसले, तोवर मी नळी बदलली; आता बाहेरचं आत जाणार नव्हतं आणि आतलं बाहेर गळणार नव्हतं. या वेळी पडद्यावर रेघेला बारीकसा उंचवटा आला. साहेबांनी वाकून पाहिलं, मग आणखी वाकून.

"हे आमचं स्वतःचं," मॅडम म्हणाल्या.

"करा पुढे," साहेब हात पुसत म्हणाले.

घरी येऊन मी अम्मीला सगळं खरं सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे आंब्यातून गॅस जास्त निघतो?"

"हो."

"मग त्या तांब्याच्या मागं कशाला लागलीस गं?"

इतका अवघड प्रश्न मला आजवर एकाही परीक्षकाने विचारलेला नाही.