पांडा उठेपर्यंत

दत्तप्रसाद प्रभुखानोलकरांना जगातली कुठलीच गोष्ट बघण्यासारखी वाटत नसे. बहारीनमध्ये येऊन त्यांनी वाळवंटातलं ते प्रसिद्ध झाड पाहिलं, "झाडच आहे" म्हणाले आणि गाडीत जाऊन बसले. किल्ला म्हणजे मातीचा ढीग, समुद्र म्हणजे खारं पाणी. सनाबिसच्या फ्लॅटमधून ते रोज असे जगाला नापास करत. (जगाचं काही अडलं नाही.)

असा माणूस पांडा बघायला निघाला, तो निव्वळ आळसापायी. सोफ्यावर लोळत असताना कश्मिराने विचारलं, "बाबा, कतारला पांडा बघायला जाऊया? प्लीज?" मान वळवायचाही कंटाळा, म्हणून ते म्हणाले, "बरं बरं." पोरीने ते मोबाइलवर रेकॉर्ड केलं. बायकोने, सुरेखाबाईंनी, संध्याकाळच्या आत तिकिटं काढली.

"विमानाने अस्वल बघायला जातं का कोणी?" दत्तप्रसाद वाटभर कुरकुरत होते. "तेही काळं-पांढरं! प्रिंटरची रंगीत शाई संपल्यासारखं."

पांडाच्या दालनात छान गारवा होता. काचेपलीकडे, पार लांबच्या टोकाला, पाटीवर 'तरुण' म्हणून लिहिलेला पांडा सगळ्यांकडे पाठ करून झोपला होता. पोरंटोरं हिरमुसून उभी. कश्मिराचा चेहरा तर एवढासा झाला.

"तरुण म्हणे!" दत्तप्रसाद कडाडले. "याला एसी, याला आयता बांबू, आणि काम काय? लोळणं! माझ्या ऑफिसात असता तर पहिल्याच दिवशी व्हिसा कॅन्सल केला असता."

"अहो, हळू बोला. लोक बघतायत."

"बघू देत. पांडा तरी कुठे दिसतोय त्यांना?"

"बाबा, ही इज जस्ट अ बेबी!"

"एवढा घोडा, आणि बेबी? मी इथेच बसतो. उठला की सांगा."

असं म्हणून त्यांनी समोरच्या बाकावर बैठक मारली. पहाटेची फ्लाइट, पोटात सुरेखाबाईंची पुरी-भाजी, वर थंडगार हवा. मान आधी डावीकडे कलली, मग मागे गेली, आणि तोंड उघडलं.

कोणीतरी खांदा हलवला तेव्हा दालन रिकामं होत आलं होतं. समोर गार्ड. "उठो साहब. खलास, बंद करने का टाइम."

"पांडा उठा क्या?"

"उठा ना! सीधा इधर आया."

कश्मिराने आनंदाने फोन पुढे केला. पांडा काचेला नाक लावून उभा, आणि अलीकडे आ वासलेले दत्तप्रसाद.

"मला उठवलं का नाहीस?" ते बायकोवर खेकसले.

"उठवणार होते हो. पण तो तुमचं घोरणं ऐकूनच आला होता. थांबलात की जाईल, अशी सगळ्यांना भीती. एका बाईंनी तर पोरांना बजावलं, अंकलना हात लावायचा नाही म्हणून."

दत्तप्रसाद दाराकडे निघाले. गार्ड अदबीने मागोमाग आला.

"साहब, कल भी आएगा क्या? चार दिन से वो किसी के लिए इधर नहीं आया था."