गुरुवार भरला आहे

सन १८८७च्या पावसाळ्यात ठाणे शहरातील सुखवस्तू घरांच्या मुलांपुढे एक गंभीर संकट उभे राहिले. त्यांना दोन्ही वेळ पोटभर जेवायला मिळत होते.

ही गोष्ट प्रथम ध्यानात आली ती कचेरीतले शिरस्तेदार हरिहरपंत यांच्या. त्यांच्या महिपतीला शाळेत 'विपत्तिलाभमाला' हे पुस्तक बक्षीस मिळाले. खरे म्हणजे शाळेत पहिला आला होता त्र्यंबक. पण शिरस्तेदारांचा मुलगा समारंभातून रिकाम्या हातांनी घरी जावा, हे हेडमास्तरांना बरे दिसेना.

पुस्तकात बारा थोर पुरुषांची चरित्रे होती आणि बाराही जण लहानपणी उपाशी होते. तेराव्या पानावरचा अनाथ मुलगा तर सात घरी वार लावून जेवतो, म्हणजे सोमवारी एकाकडे, मंगळवारी दुसऱ्याकडे, आणि पुढे मुनसफ होतो. ते पान वाचताना आम्हां सर्वांचे डोळे भरून आले.

"आणि आमचा महिपती!" हरिहरपंत कळवळून म्हणाले. "चौदा वर्षांचा घोडा झाला, पण नावाला एक संकट नाही. सकाळी दूध, दुपारी तूप. बाप जिवंत, आई जिवंत! याचं व्हायचं कसं हो?"

मी त्यांच्या हाताखालचा कारकून. प्रश्न मला अत्यंत रास्त वाटला.

महिपतीने सात घरी वार लावून जेवावे असे ठरले. गुरुवार मी आनंदाने दिला. आता साहेबांच्या मुलाला पिठलेभाकरी कशी वाढणार? श्रीखंड केले. दुसऱ्या घरी बासुंदी झाली, तिसरीकडे पुरण. महिन्याभरात महिपतीच्या अंगरख्याचे बंद पुरेनात.

"विपत्ती मानवली हो पोराला!" हरिहरपंत म्हणाले.

मग काय, मामलेदारांचा मुलगा निघाला, वकिलांचे दोघे निघाले, माझा थोरलाही निघाला. घरोघरी झुंबड उडाली.

अडचण एवढीच की हे सगळे वार मुळात त्र्यंबकाचे होते. त्र्यंबक कल्याणजवळच्या मोहने गावचा. बाप नाही, आई दुसऱ्यांची दळणे दळायची. नोव्हेंबरात तो मॅट्रिकला बसणार होता, आणि तो पास होणार याबद्दल शाळेत कुणालाच शंका नव्हती.

एका गुरुवारी तो नेहमीसारखा ओटीवर आला. पाटावर महिपती बसला होता, तिसऱ्या वाटीशी झुंजत.

"वार भरलाय रे, त्र्यंबक," मी म्हटले.

"मग कधी येऊ, काका?"

"रीतसर अर्ज कर. आता मंडळी स्थापन झाली आहे."

आतून आमचे कुटुंब फणकारले, "अहो, पोर नुसतं वाळून गेलंय! एक पान जास्त मांडलं तर आभाळ कोसळणार आहे का?"

"तुला यातलं काय कळतं? एका घरी एकच विद्यार्थी, असा ठराव झालाय."

'विपत्तिवाटप मंडळी'च्या अर्जावर वडिलांची सही आणि हुद्दा लागत असे. त्र्यंबकाने वडिलांच्या जागी आईचा अंगठा आणला. मंडळीने फराळासह दोन तास खल केला. शेरा माझ्या अक्षरात आहे: 'अर्जदारास विपत्ती आधीच मुबलक प्राप्त आहे. आणखी देणे हा इतर गरजूंवर अन्याय होईल. सबब नामंजूर.'

पंधरा दिवस तो चुरमुऱ्यांवर राहिला म्हणतात. मग वर्गात भोवळ येऊन पडला आणि परीक्षा न देताच गावी निघून गेला.

"एवढ्याशा अडचणीत पळाला!" हरिहरपंत हळहळले. "पुस्तकातला मुलगा असा नव्हता."

महिपती पुढे दोनदा नापास झाला आणि वशिल्याने आमच्याच कचेरीत चिकटला. पुस्तकाच्या नव्या आवृत्तीत तेरावे चरित्र त्याचे आहे. 'बालपणी हे सात घरी वार लावून जेवत.' त्यात खोटे एक अक्षर नाही.

ती आवृत्ती मी धाकट्यासाठी घेतली आणि गाडीने निघालो. कल्याण स्टेशनावर घसा सुकला म्हणून खाली उतरलो. उतारूंना पाणी पाजणारा ब्राह्मण कळशी घेऊन आला. त्र्यंबक! मला तोंड फिरवायला सवडच मिळाली नाही. त्याने धार धरली आणि माझी तहान भागेपर्यंत हात हलू दिला नाही.

मग हळूच विचारले, "काका, गुरुवार मोकळा झाला का?"

मला जोराचा ठसका लागला. गाडी सुटायला अवकाश होता, तरी मी डब्यात जाऊन बसलो आणि पुस्तक उघडले. तेराव्या पानावर तो उपाशी अनाथ मुलगा होताच. काय सांगू, पुन्हा डोळे भरून आले!

तुम्हीही मुलांना हे पान अवश्य वाचून दाखवा. तुमचेही डोळे भरून येतील. फक्त वाचताना दाराला कडी घाला. मध्येच कोणी जेवायला आले की सगळा रसभंग होतो.