फोटोतला बर्फ

"मला फसवणारा अजून जन्माला यायचाय," महादेवप्पा म्हणाले.

"मागल्या वर्षी जन्मला होता की," काशम्मा भाकरी थापता थापता म्हणाली.

खोटं नव्हतं ते. मागल्या वर्षी जुना टीव्ही विकायला काढला, तेव्हा लष्करातला साहेब म्हणवणाऱ्या एका हरामखोरानं महादेवप्पांना कोड स्कॅन करायला लावला, पिन टाकायला लावला, आणि टीव्हीचे पैसे यायचे सोडून महिन्याची पेन्शन गेली. अहो, पैसे घ्यायला कधी पिन लागतो का? पण हे लोक बोलतात इतकं गोड, की माणूस स्वतःच्या हातानं खिसा उलटा करून देतो. त्या दिवसापासून पैशाचं ॲप काशम्माच्या फोनवर गेलं. सुट्टे नसले की पानाच्या टपरीवरून, चारचौघांत, बायकोला फोन लावायची पाळी!

"आता हा जुना फ्रिज न फसता विकून दाखवा. ॲप तुमच्या फोनवर," काशम्मानं शब्द दिला होता.

महादेवप्पांनी जाहिरात टाकली. 'डबल डोअर फ्रिज. एका तासात बर्फ. फसवणाऱ्यांनी फोन करू नये.' सोबत फोटो. फ्रीझर उघडा आणि आत बर्फाचा डोंगर.

पहिलाच फोन आला. "काका, मी विरुपाक्ष बोलतोय. फौजेत हाय, सुट्टीवर आलोय..."

"फौजेत? मग कोड कधी पाठवालास?"

"कसला कोड?"

"टोळीत नवा दिसतोस. पत्ता लिहून घे. हिंमत असंल तर टेम्पो घेऊन ये."

महादेवप्पांनी फोन ठेवला आणि अख्ख्या गल्लीत सांगून आले, की चोराला घरी बोलावलंय.

तासाभरात दारात टेम्पो. जवळच्या होटगी गावचा विरुपाक्ष, केस बारीक कापलेले, आणि त्याची आई नागव्वा. गल्ली गोळा झालीच होती. विरुपाक्षनं लष्कराचं ओळखपत्र काढलं. महादेवप्पांनी ते पाचशेच्या नोटेसारखं उन्हात धरलं.

"असली कार्डं कुणीपण छापून देतंय."

"बरोबर हाय काका," विरुपाक्ष शांतपणे म्हणाला. "मग फ्रिज चोरीचा नाही कशावरून? बिल दाखवा."

महादेवप्पांचा चेहरा भोपळ्यासारखा फुगला. गल्लीसमोर त्यांनाच चोर ठरवत होता हा! अर्धा तास ट्रंका उपसून बिल सापडलं. ते नाचवत ते बाहेर आले, तोवर नागव्वानं फ्रीझर उघडला होता. आत नुसतं पाणी.

"बर्फ कुटं गेला ओ, अण्णा?"

महादेवप्पांनी बिल पुढं केलं.

"फोटोतला बर्फ गोळेवाल्याकडचा," काशम्मा म्हणाली. "दोन वर्षं झाली, ह्यात जमत न्हाय. पण खालचा कप्पा चांगला हाय. मेथी आठवडाभर टिकते."

"आमाला तेवढंच पायजे. पण निम्म्यात देणार का, अक्का?"

"न्या."

विरुपाक्षनं काशम्माचा कोड स्कॅन केला, तिनं पैसे जमा झाल्याचं बघितलं, आणि फ्रिज टेम्पोत चढला. विरुपाक्षनं जाता जाता महादेवप्पांना कडक सलाम ठोकला. गल्ली हसली.

महादेवप्पांनी मागं न हटता फोन पुढं केला. "विकला का नाही? फसलो का? टाक ॲप."

काशम्मानं फोन घेतला, जाहिरात उघडली आणि मोठ्यानं वाचली. "फसवणाऱ्यांनी फोन करू नये. हे कुणाला लिवलंय?"

"लोकांना," महादेवप्पा छाती काढून म्हणाले आणि तरातरा बाहेर पडले.

दहा मिनिटांनी काशम्माचा फोन वाजला.

"ऐकालीस का? टपरीवर हाय. पंधरा रुपये पाठव."