केसाहून पातळ

चिमटीला शिंक आली तेव्हा लेसर सुटायला अकरा मिनिटं उरली होती.

हातात कायम चिमटा असतो म्हणून सगळी प्रयोगशाळा तिला चिमटीच म्हणे. सहा महिने खपून तिने अ‍ॅल्युमिनियमचे बारा पत्रे केले होते, केसाहून पातळ. लेसर एकेकाला असा हाणायचा की तो ना धड घन राहायचा, ना धड वायू. त्याच क्षणी त्यावर क्ष-किरण सोडायचे आणि ते कसे विखुरतात त्यावरून आतल्या अणूंचे हाल ओळखायचे. अकरा पत्रे उडवून झाले होते आणि अकराही मोजमापं धूसर आली होती. अख्खा प्रबंध आता बाराव्या पत्र्यावर टेकला होता, आणि तो शिंकेसरशी उडाला.

"कुणी हलू नका!"

चिमटी आणि लेसर सांभाळणारे काका जमिनीवर रांगू लागले. सर खुर्चीत घड्याळाकडे डोळे लावून बसले होते.

"सापडला," काका टेबलाखालून पुटपुटले. "वर बघ. सरांच्या टकलावर."

पत्रा दिव्याखाली झकास चमकत होता.

"सर, जरा वाका."

"का गं?"

"नमुना आहे."

"माझ्या डोक्यावर?"

"बोलू नका हो सर, तो थरथरतोय!"

पत्रा पुसायला वेळच नव्हता. तसाच बसवला, लेसर सुटला, आणि पडद्यावर सुरीने कापावी तशी स्वच्छ रेघ उमटली. सरांनी टाळी वाजवली. मग त्यांच्या भुवया जवळ आल्या.

"पण रेघेशेजारी ही कार्बनची खूण कुठली? पत्रा शुद्ध होता ना?"

चिमटीने हळूच चिमटा हुंगला. 'टक्कल म्हणजे वाचलेला वेळ' असं सर येता-जाता सगळ्यांना ऐकवत. पण हे लपवलं तर प्रबंध खोटा.

"सर... तेल आहे."

"कसलं तेल?"

काका छत न्याहाळू लागले.

"केस उगवायचं."

सर लालबुंद झाले. मग पुन्हा पडद्याकडे बघून सावकाश म्हणाले, "म्हणजे आधी तेलाचा थर उडाला... आणि त्याच्या धक्क्याने पत्रा एकसारखा दाबला गेला. अगं, लिही! लेप, केशवर्धक तेल. कुठून लागलं तेही लिही, नाहीतर दुसऱ्या कुणाला हे जमायचं नाही."

काकांना राहवेना. "सर, किती वर्षं लावताय?"

"सात."

"मग, काही फरक?"

सर पडद्यावरच्या रेघेकडे बघत राहिले.

"आज पहिल्यांदाच."